जुन्या गाडीला महागडं पेट्रोल: वहीतला हिशोब



आज पिकाची नोंद नाही, गाडीची आहे. पण माल शेतातनं गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत शेती संपत नाही, म्हणून ही नोंदही शेतीचीच धरा.

आमच्याकडं १९९९ ची ओम्नी आहे. कार्बोरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण आमची अजून रोजच्या कामात आहे. आठवड्यातनं चार दिवस सकाळी सहाला टोमॅटो, घेवडा, कोबी, कोथिंबीर भरून ती पसरणी घाट चढते आणि पाचगणीतल्या हॉटेलांत आणि निवासी शाळांच्या मेसमध्ये माल टाकून परत येते. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. दहा-अकरा क्रेट आणि आम्ही दोघं भाऊ. मेसवाल्यांना माल आठच्या आत लागतो. एकदा उशीर झाला तर ऐकून घेतात, दुसऱ्यांदा झाला की दुसरा माणूस बघतात. त्यामुळं घाटात गाडी काय बोलते इकडं आमचा कान असतो.

ओम्नीत कान द्यावाही लागत नाही, कारण इंजिन पुढच्या सीटखालीच. २०२१ च्या पावसाळ्यानंतर त्या सीटखालनं आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवावेत तसा. सपाटीला काही नाही. घाटातलं वळण घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की किटकिट किटकिट सुरू. पाय जरा उचलला की बंद. पहाटे गारव्यात कमी आणि दुपारच्या फेरीला जास्त.

धाकटा म्हणाला, "दादा, पंपावर ते भारीतलं पेट्रोल मिळतंय, पंच्याण्णव ऑक्टेनचं. ते टाकू. ताकद वाढंल, आवाज जाईल." पंपावरचा पोरगाही तेच सांगायचा, पिकअप वाढतो, इंजिन साफ राहतं वगैरे. लिटरमागं आठ रुपये जास्त.

जुन्या गाडीवाल्या प्रत्येक घरात हा प्रश्न कधी ना कधी येतो. म्हणून ऑक्टेन म्हणजे काय ते आधी सांगतो, मग वहीतला हिशोब मांडतो.

ऑक्टेन म्हणजे काय

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ सिलिंडरमध्ये दाबली जाते, मग प्लगची ठिणगी पडते. ठिणगीपासनं आग सुरू होऊन ती शिस्तीत पसरली पाहिजे, म्हणजे पिस्टनला खाली चांगला रेटा मिळतो. उसाचं पाचट पेटवणारी मंडळी बघा (पाचट पेटवू नका, सरीत कुजवा, पण उदाहरण कळायला सोपं). एका कडेनं काडी लावली की आग एका दिशेनं सरकत जाते. पण ऊन कडक असेल आणि पाचट कडकडीत वाळलेलं असेल, तर आग पोचायच्या आधीच लांबचा एखादा कोपरा भडकतो. मग दोन्हीकडच्या ज्वाळा एकमेकींवर येतात आणि कुणाचाच ताबा राहत नाही.

सिलिंडरमध्ये तसंच होतं. ठिणगीची आग पसरताना पुढचं न जळलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं, तापतं, आणि आग पोचायच्या आधी आपोआप पेट घेतं. त्या धक्क्याचा जो आवाज येतो त्याला मिस्त्री नॉकिंग म्हणतात. थोडं असेल तर नुसता आवाज. जास्त आणि रोजचं असेल तर पिस्टन, रिंगा आणि हेडचं गॅस्केट यांचं आयुष्य खातं.

असं आपोआप न पेटता दाब आणि उष्णता सोसायची पेट्रोलची जी ऐपत, ती ऑक्टेन आकड्यानं मोजतात. आयसोऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० धरलंय, हेप्टेन नावाच्या द्रवाला ०. चाचणीच्या एका सिलिंडरच्या इंजिनात तुमचं पेट्रोल ९१ टक्के आयसोऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागलं, तर त्याचा आकडा ९१. बास, एवढंच.

म्हणजे हा आकडा ताकदीचा नाही. ९५ च्या लिटरात ९१ च्या लिटरापेक्षा जास्त ऊर्जा असते असं अजिबात नाही. कुंपण उंच केल्यानं पीक वाढत नाही. जनावरं आत येत असतील तरच उंच कुंपणाचा उपयोग. नॉकिंग म्हणजे जनावर आणि ऑक्टेन म्हणजे कुंपण, असं डोक्यात ठेवा.

ट्रॅक्टरवाल्यांनी इथं गोंधळू नये. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लगच नसतो, तिथं इंधन दाबानं आपोआप पेटलंच पाहिजे. त्याचा आकडा वेगळा, सीटेन. पेट्रोलमध्ये आपोआप पेटणं हा रोग आणि डिझेलमध्ये तेच काम.

कुठल्या गाडीला किती ऑक्टेन लागतं

हे गाडीच्या कॉम्प्रेशनवर ठरतं, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं त्यावर. जुन्या पेट्रोल जीपचं कॉम्प्रेशन सातच्या आसपास. प्रीमियर पद्मिनी, अँबॅसिडर यांचं सात-साडेसातच्या घरात. कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० आणि ओम्नीचं पावणेनऊच्या आसपास. आजच्या गाड्यांचं दहा, अकरा, काहींचं बारा आणि त्याच्याही वर. टर्बोवाल्या गाड्यांत हवा आधीच दाबून आत सोडतात, म्हणून त्यांना ऑक्टेन आणखी लागतं.

मिश्रण जास्त दाबलं की त्याच थेंबातनं जास्त काम निघतं, म्हणून नव्या गाड्या तशा बनवतात. त्यांच्यात नॉक सेन्सरही असतो. नॉकिंगची चाहूल लागली की संगणक ठिणगी थोडी उशिरा टाकतो, चांगलं पेट्रोल मिळालं की पुन्हा लवकर टाकतो. त्यामुळं ज्या नव्या गाडीच्या पुस्तकात ९५ लिहिलंय, तिला ९५ द्या, तिला त्याचा खरोखर फरक पडतो.

आमच्या ओम्नीला असला सेन्सर नाही. तिची ठिणगी डिस्ट्रिब्युटर ठरवतो, मिस्त्रींच्या भाषेत डेल्को. तो एकदा बसवला की टाकीत कुठलं पेट्रोल आहे हे त्याला कळायचा प्रश्नच नाही. ९१ वर ती नॉकिंग करत नसेल, तर ९५ टाका नाहीतर १०० टाका, तिला फरक कळायची सोयच नाही.

मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिकडं पंपावर ८७, ९३ असे आकडे असतात. मोजायची रीत वेगळी आहे, दोन चाचण्यांची सरासरी काढून लिहितात. तिकडचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१. आकडा कमी दिसतो म्हणून तिकडचं पेट्रोल हलकं समजू नका.

शिशाची जुनी गोष्ट

आमच्या वडिलांच्या पिढीला "शिशाचं पेट्रोल" आठवत असेल. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी शोधलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक रसायन अगदी थोडं मिसळलं की नॉकिंग थांबतं. स्वस्तात ऑक्टेन वाढलं आणि जगभर तेच चाललं. शिसं धुराड्यातनं हवेत जायचं, माणसांच्या, विशेषतः पोरांच्या अंगात साठायचं. आपल्याकडं १९९५ मध्ये मोठ्या शहरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर तेवढंच विकायला लागले. जगातलं मोटारींसाठीचं शेवटचं शिशाचं पेट्रोल अल्जीरियात २०२१ मध्ये बंद झालं.

शिशाचं आणखी एक काम होतं. ते व्हॉल्व्हच्या बैठकीवर पातळ थर धरायचं. फार जुन्या, बिडाच्या हेडच्या गाड्यांना बिनशिशाच्या पेट्रोलनं बैठक झिजायचा धोका असतो. तो ऑक्टेन वाढवून जात नाही, कडक पोलादी सीटा बसवून जातो. जुनी जीप जपणाऱ्यांनी हे वेगळं ध्यानात ठेवावं.

वहीतले आकडे

धाकट्याच्या म्हणण्यावर वाद घालण्यापेक्षा मोजून बघू म्हटलं. २०२१ च्या दिवाळीपासनं पुढचे चार महिने आम्ही एकाआड एक टाकी भरली. एक साधी, एक पंच्याण्णवची. तोच पंप, तोच रस्ता, साधारण तेवढेच क्रेट. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, संपत आली की पुन्हा काठोकाठ.

साध्या पेट्रोलच्या तीन टाक्या: १४.१, १३.८, १४.०
पंच्याण्णवच्या तीन टाक्या: १४.०, १४.२, १३.९

म्हणजे ॲव्हरेजमध्ये फरक नाही. एक क्रेट कमी-जास्त झाला तरी एवढं इकडंतिकडं होतं. सपाटीला पिकअपही तोच.

पण धाकट्याचं एक म्हणणं खरं निघालं, ते प्रामाणिकपणे लिहितो. पंच्याण्णवच्या टाकीवर घाटातली किटकिट बरीच कमी झाली. दुपारच्या फेरीलाही एखाद्याच वळणाला यायची. त्यामुळं पाय उचलावा लागत नव्हता आणि चढ जरा बरा निघत होता.

आता इथं दोन वाटा फुटतात. आवाज गेला म्हणजे औषध लागू पडलं, असं म्हणून महिन्याला पन्नास लिटरवर चारशे रुपये जादा देत राहायचं. नाहीतर विचारायचं, की जी गाडी कारखान्यातनं निघाली तेव्हा साध्या पेट्रोलवर चालायची, तिला वीस वर्षांनी जादा ऑक्टेन का लागावं? तापाची गोळी घेतली की ताप उतरतो, पण ताप कशाचा होता ते गोळी सांगत नाही.

मिस्त्रींनी काय बघितलं

वाईतले आमचे मिस्त्री मारुतीवरच म्हातारे झालेत. त्यांना वही दाखवली. ते म्हणाले, "आण्णा, पेट्रोलच्या मागं लागू नगा. गाडीची भूक वाढलीया ती कशानं, ते बघू आधी."

त्यांनी ज्या क्रमानं बघितलं तो क्रम जसाच्या तसा देतो. स्वस्तापासनं महागापर्यंत आहे, म्हणून कामाचा.

१) पाणी आणि गरमी. रेडिएटर कचऱ्यानं तुंबलाय का, पंखा वेळेवर सुरू होतो का, थर्मोस्टॅट उघडतो का. इंजिन जास्त तापलं की नॉकिंग वाढतंच.

२) टायमिंग. ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडत असेल तर दाब लवकर चढतो आणि नॉकिंग होतं. टायमिंग लाईट लावून बघितलं, थोडं पुढं सरकलेलं होतं. बोल्ट ढिला करून डेल्को किंचित फिरवला. फुकटचं काम.

३) प्लग. गाडीला सांगितलेल्या नंबरचेच आहेत का. जास्त गरम जातीचा प्लग बसवला की त्याचं टोकच निखाऱ्यासारखं तापून मिश्रण पेटवतं.

४) मिश्रण. कार्बोरेटरच्या बुडाचं गॅस्केट किंवा एखादी रबरी नळी चिरली की जादा हवा आत जाते, पेट्रोल कमी पडतं. असं कोरडं मिश्रण जास्त तापतं.

५) कार्बन. वर्षानुवर्षं पिस्टनच्या डोक्यावर आणि हेडमध्ये काजळी साठून दगडासारखी होते. तिनं आतली जागा कमी होते, म्हणजे कॉम्प्रेशन आपोआप वाढतं. शिवाय ती तापून लाल राहते. दोन्हीनं गाडीला जादा ऑक्टेन लागायला लागतं.

टायमिंगनं आवाज निम्मा झाला. उरलेल्यासाठी सीट उचलून हेड उतरवलं. तिन्ही पिस्टनवर चुलीच्या तव्याखाली जमते तशी काळी खरड होती, थोडं इंजिन ऑइलही जळत असणार. खरवडून साफ केली, व्हॉल्व्ह घासून बसवले, नवं गॅस्केट, तीन प्लग, एअर फिल्टर. मजुरी धरून ५,२०० रुपये.

पंच्याण्णवचं पेट्रोल वर्षभर टाकलं असतं तर जादा गेले असते ४,८००. पण ते दर वर्षी गेले असते आणि काजळी वाढत राहिली असती ती वेगळीच. काम केल्यावर साध्या पेट्रोलवर भर उन्हात, भरल्या गाडीनं घाट चढलो, सीटखालनं आवाज नाही. ॲव्हरेज १४.६ वर गेलं.

मिस्त्रींनी आणखी एक विचारलं होतं, पेट्रोल कुठं भरता. रॉकेलची भेसळ असलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन घसरतं आणि धडधाकट गाडीही किटकिट करायला लागते. एखादी टाकी भरल्यावर अचानक आवाज सुरू झाला, तर आधी पंपावर संशय घ्या. पंपावर फिल्टर पेपर मागायचा तुमचा हक्क आहे. चांगल्या पेट्रोलचा थेंब दोनेक मिनिटांत उडतो आणि कागदावर डाग राहत नाही. घनता विचारायचाही हक्क आहे. पेट्रोलची घनता १५ अंश तापमानाला घनमीटरमागं ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान असावी लागते.

आता वीस टक्के इथेनॉल

हे सगळं झालं आणि मग पेट्रोलच बदललं. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथं माझे दोन खिसे आहेत, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे. आपल्याकडं साधं पेट्रोल आधी ८८ चं होतं, मग ९१ चं झालं, आणि वीस टक्के मिश्रणानंतर साध्या पेट्रोलचाच आकडा ९५ वर गेलाय, असं पेट्रोलियम मंत्रालयानंच सांगितलंय. म्हणजे २०२१ मध्ये धाकटा ज्या आकड्यासाठी आठ रुपये जादा द्यायला निघाला होता, तो आज साध्या नळीतनं मिळतो. आता जुन्या गाडीत निव्वळ ऑक्टेनसाठी महागडं पेट्रोल टाकायचं कारणच उरलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीत शंभर ऑक्टेनचं पेट्रोल लिटरला १६० रुपयांनी सुरू झालं होतं. ते महागड्या स्पोर्ट्स गाड्यांसाठी. ओम्नीत टाकणं म्हणजे बांधावरच्या गवताला ठिबकमधनं खत सोडणं.

पण ऑक्टेन वाढलं तरी ऊर्जा कमी झाली. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की ज्या चारचाकी मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवून दहा टक्क्यांसाठी जुळवल्यात, त्यांचं ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटेल. आमच्या वहीत १४.६ चं १३.६ झालं. म्हणजे महिन्याला साडेतीन लिटर जादा, साडेतीनशे रुपये. एकीकडं आकडा वाढला आणि दुसरीकडं ॲव्हरेज घटलं. ऑक्टेन आणि ताकद वेगवेगळ्या गोष्टी आहेत याचा यापेक्षा चांगला पुरावा मला दुसरा सापडला नाही.

आता दुसरा खिसा. आमचा ऊस आहे आणि तो ज्या कारखान्याला जातो तिथं डिस्टिलरी आहे. थेट रसापासनं धरलं तर एक टन उसाचं साधारण ७० लिटर इथेनॉल होतं. माझी ओम्नी वर्षाला १२० लिटरच्या आसपास इथेनॉल जाळते, म्हणजे पावणेदोन टन ऊस. एकरी चाळीस टनांच्या रानात ते झाले पावणेदोन गुंठे. माझ्याच रानातले पावणेदोन गुंठे माझीच गाडी पिते म्हणा. इथेनॉलच्या पैशानं कारखान्याला बिलं वेळेत द्यायला हातभार लागतो हे मी बघितलंय. डिसेंबर २०२३ मध्ये रसापासनं इथेनॉल करायला बंदी आली, तेव्हा गावात काय चर्चा होती तेही आठवतंय.

म्हणून इथेनॉलला शिव्या घालणं मला जमत नाही. आणि गाडीवर काहीच परिणाम होत नाही म्हणणंही जमत नाही. उसाचं बिल येतं हे खरं, साडेतीनशे रुपये जातात हेही खरं. शेतकऱ्यानं दोन्ही आकडे एकाच पानावर लिहावेत.

कार्बोरेटरवाल्यांनी काय करावं

इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, कारण त्याच्यात ऑक्सिजन आधीच असतो. ऑक्सिजन सेन्सरवाली इंजेक्शन गाडी हे ओळखून पेट्रोल वाढवते. कार्बोरेटर ओळखत नाही. त्यामुळं आमची ओम्नी वीस टक्क्यांवर नॉकिंग करत नव्हती, पण सकाळी सुरू होताना नखरे करायची आणि चढाला ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर अडखळायची. हा ऑक्टेनचा दोष नव्हे, मिश्रण कोरडं पडल्याचा.

मिस्त्रींनी कार्बोरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा टाकला. अडखळणं गेलं. मग म्हणाले, "आता ऑक्टेन वाढूनच आलंया फुकटात, तर घेऊ की त्याचा फायदा," आणि टायमिंग दोन अंश पुढं घेऊन घाटात नेऊन बघितली. आवाज नाही आणि चढ जरा मोकळा निघाला. जुनं इंजिन जादा ऑक्टेनचा फायदा घेऊ शकतं ते एवढंच आणि असंच, हातानं टायमिंग बदलून. ॲव्हरेज मात्र फारसं वाढलं नाही. हे काम जाणत्या माणसाकडनंच करून घ्या. अंदाजानं डेल्को फिरवला तर परत नॉकिंग ओढवून घ्याल.

टाकीपासनं कार्बोरेटरपर्यंतच्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा पंचवीस वर्षांचा होता. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि भेगा पाडतं. इंजिन सीटखाली, खाली गळती, वर आपण बसलेलो. त्यात हयगय नको म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घातल्या. तुमची गाडी जुनी असेल तर बाकी काही करा न करा, हे आधी करा.

आणि पावसाळ्याची एक गोष्ट. इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत पाणी जास्त झालं की इथेनॉल त्या पाण्याबरोबर तळाला बसतं आणि वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन खाली येतं. महिनोन् महिने उभ्या गाडीत हे होऊ शकतं. म्हणून अर्धी रिकामी टाकी ठेवून पावसाळाभर गाडी उभी करू नका. ग्रास कटर, पेट्रोलवरचा फवारणी पंप, पॉवर वीडर यांनाही हेच लागू. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवून मग ठेवा. या छोट्या इंजिनांनाही ऑक्टेनची भूक फार नसते, त्यांना भारीतलं पेट्रोल लागत नाही.

थोडक्यात

गाडीच्या पुस्तकात जो आकडा असेल तो पाळा, त्याच्या वरचा विकत घेऊ नका. गाडी नॉकिंग करत असेल तर एक टाकी ९५ ची टाकून बघायला हरकत नाही, पण ती तपासणी म्हणून. आवाज कमी झाला तर समजा आत कुठंतरी टायमिंग, गरमी नाहीतर काजळी आहे, आणि मिस्त्रींकडं जा. आवाज तसाच राहिला तर ते नॉकिंग नसेलही, बेअरिंगचा किंवा टॅपेटचा आवाज असू शकतो. त्याला कुठलंच पेट्रोल बरं करत नाही.

ओम्नी ठेवायची की काढायची यावर घरात बोलणं झालं. वीस वर्षांवरच्या मोटारीची फेरनोंदणी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपयांवर गेलीय. आमची पुढची २०२९ मध्ये. तोवर दहा-अकरा क्रेट घेऊन ती घाट चढतेय, तर चढू दे, असं ठरलंय. धाकटा आता पंपावर साधंच भरतो आणि किलोमीटर न सांगता वहीत लिहितो.

ज्यांच्याकडं कार्बोरेटरची मारुती, पद्मिनी किंवा जुनी मोटारसायकल रोजच्या कामात आहे, त्यांनी आपापले आकडे लिहून ठेवा: वीस टक्क्यांच्या आधीचं ॲव्हरेज, नंतरचं, आणि जेट बदलला असेल तर त्यानंतरचं. अंदाज नको, टाकी ते टाकी मोजलेलं हवं.

पुढची नोंद हळदीच्या बेण्याची.